फाटकाला टांगलेली पिशवी काढा

(पत्र मोठं आहे आणि नाव-गाव छापू नये अशी विनंती आहे. म्हणून त्यातला गाभा तेवढा देते.)

"ताई, माझं वय 72. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहतो. हायस्कूलचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा पुण्याला, मुलगी मस्कतला. तब्येत ठीक, पेन्शन वेळेवर, कोणाचं देणं नाही. दिवसही रिकामा नसतो. पाचला उठतो, फिरून येतो, पूजा, पेपर, बागेत थोडं काम, स्वयंपाक (शिकलो), दुपारी वामकुक्षी, आरतीची गर्दी ओसरली की देवळात, मग बातम्या, साडेआठला मुलाचा फोन, नऊला अंथरूण. पोदेरासाठी (पाववाल्यासाठी) फाटकाला पिशवी टांगलेली असते, बिलं मोबाइलवरून भरतो, औषधं दुकानदार घरी पाठवतो. कशाची म्हणून खोटी होत नाही. तरी आताशा पहाटे तीनला जाग येते आणि छातीवर काही ठेवल्यासारखं वाटतं. परवा देवळात कोणी काही विचारलं तर आवाज फुटेना. लक्षात आलं, दिवसभरात तोंडच उघडलं नव्हतं. पूर्वी उत्सवाच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग मी करायचो, आता कोणी बोलावत नाहीत. माझ्या टीव्हीच्या आवाजावरून शेजाऱ्यांशी थोडं बिनसलं, तेव्हापासून तिथलंही जाणं-येणं कमी झालं. ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्याला एकदा जाऊन आलो, जमलं नाही. मुलगा म्हणतो, घर विका आणि इकडे या. शिस्तीने जगणाऱ्या माणसाला असं वाटणं हा दुबळेपणा आहे का? आणि मुलाला काय उत्तर देऊ?

ता. क. सांगायला लाज वाटते. दर आठवड्याला बँकेत जाऊन पासबुक भरून आणतो. नोंद करण्यासारखं काही नसतं. काउंटरवरची मुलगी 'सर, बरे आहात ना' म्हणते. आता तिथे मशीन बसवलं आहे."

मास्तर,

तुमची ता. क. आधी घेते. लोकांना जे सांगायचं असतं ते बहुतेक वेळा तिथेच येतं. वरची दोन पानं धीर गोळा करण्यात जातात.

पासबुक भरायला जाणं हा वेडेपणा नाही आणि लाज वाटण्यासारखंही त्यात काही नाही. जॉन कॅसिओपो नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आयुष्याची बरीच वर्षं एकटेपणाच्या अभ्यासात घालवली. तो एकटेपणाला भूक आणि तहान यांच्या पंक्तीत बसवायचा. पाणी कमी पडलं की शरीर सूचना देतं, तशी माणूस कमी पडला की ही सूचना येते. तहान लागली म्हणून कोणी स्वतःला दुबळं म्हणत नाही. तुमच्या शरीराला काय हवं ते तुमच्या डोक्याआधी कळलं आणि त्याने पासबुकाचं निमित्त काढून तुम्हाला जिथे एक वाक्य मिळतं तिथे नेलं. दुबळेपणाच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच.

आता तुमचं वेळापत्रक. शाळेत तुम्ही लावलेलं वेळापत्रक कसं असेल याची कल्पना मला या पत्रावरून आली. सकाळी पाच ते रात्री नऊ, सोळा तास, आणि त्यात एका तासालाही दुसरं माणूस नाही. देऊळ आहे, पण तिथे तुम्ही गर्दी ओसरल्यावर जाता. पाव रोज येतो, पण आणणारा दिसत नाही. औषधं येतात, बिलं भरली जातात. तुम्ही या सगळ्याला सोय म्हणता आणि प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर ती सोयच आहे. पण एकेका सोयीने एकेक माणूस तुमच्या दिवसातून गाळला गेला. अजून थोडे दिवस थांबलात तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखलासुद्धा बँकेत न जाता मोबाइलला चेहरा दाखवून देता येईल, ती व्यवस्था सरकारने केलेलीच आहे. माणूस जिवंत आहे हे दुसऱ्या माणसाने पाहायची आता गरज उरलेली नाही.

हे वेळापत्रक तुम्ही का बांधलंत याचाही मला अंदाज आहे. वहिनी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात दारात येणारा प्रत्येक जण तेच विचारतो, तसाच चेहरा करतो, आणि त्याला उत्तर देता देता आपलाच जीव थकतो. मग माणूस लोक टाळायच्या वेळा शोधतो. त्यात चूक काही नव्हतं. त्या वर्षी या शिस्तीनेच तुम्हाला उभं ठेवलं असणार, नाहीतर बायको गेल्यावर पुरुष चहा-बिस्किटांवर दिवस काढू लागतात हे मी पाहिलेलं आहे. तुम्ही स्वयंपाक शिकलात आणि कंसात का होईना, ते लिहिलंत. मला त्याचं कौतुक आहे. म्हणून 'दिनक्रम सोडा, मोकळे जगा' असलं काही मी सांगणार नाही. दिनक्रम ठेवा. फक्त त्यात माणसं परत घाला, आणि तीसुद्धा तुमच्या पद्धतीने, वेळ ठरवून.

सुरुवात पिशवीपासून करा. ती उद्या काढा. सायकलचा भोंगा ऐकू आला की फाटकापर्यंत जा, पाव हातात घ्या, सुटे पैसे मोजून द्या. पोदेराला घाई असते, तो दोन मिनिटांवर थांबणार नाही. पण तो गावातल्या पन्नास घरांचा वर्तमानकाळ घेऊन फिरतो. कोणाकडे पाहुणे आलेत, कोण आजारी आहे, कुठल्या घराने आज पाव कमी घेतले, सगळं त्याला ठाऊक असतं. औषधं स्वतः जाऊन आणा. विजेचं बिल भरायला फोंड्यात तिस्कावर उतरा आणि रांगेत उभे राहा. मागचा माणूस सरकारच्या नावाने बोटं मोडेल, तुम्हीही मोडा, त्याच्याइतकी पटकन जुळणारी ओळख दुसरी नाही. देवळात गर्दी ओसरल्यावर जाऊ नका, गर्दीतच जा. आणि बँकेत मशीन बसलं असलं तरी काउंटर अजून आहे. पैसे काढायचे असतील तर एटीएमऐवजी तिथून काढा. त्या मुलीच्या एका वाक्याची किंमत तुम्ही ओळखली आहे. तिला तुम्ही उलट 'तुम्ही बऱ्या आहात ना?' असं कधी विचारलंत का, हे मात्र पत्रात नाही.

एवढ्याने पहाटेचे तीन सुसह्य होतील असं मी म्हणत नाही. रॉबर्ट वाइस नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे मांडले. एक, ज्याला सगळं सांगता येतं असा आपला एक माणूस नसणं. दुसरा, आपण कुठल्या तरी मंडळीतले आहोत ही जाणीव नसणं. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि मला ते पटतं. वहिनींची जागा पोदेर घेणार नाही, भजनी मंडळ घेणार नाही, मुलगाही घेणार नाही. त्या जागेचं दुःख दुःख म्हणूनच राहील. ते कमी व्हायला एकच गोष्ट थोडीफार मदत करते: त्यांच्याबद्दल बोलणं. लोक तुमच्यासमोर त्यांचं नाव काढत नसतील, कारण तुम्हाला त्रास होईल असं त्यांना वाटतं. तुम्ही काढत नसाल, कारण समोरचा अवघडेल असं तुम्हाला वाटतं. अशाने वहिनी घरातूनच नाही, बोलण्यातूनही जातात. तुम्हीच सुरुवात करा. "आमच्या हिला हे आवडायचं" एवढं म्हणायला कोणाची हरकत नसते.

इथे जरा स्पष्ट बोलते, रागावू नका. तुमच्या पिढीच्या बहुतेक घरांत माणसं सांभाळण्याचं खातं बायकोकडे असे. कोणाच्या मुलीला दिवस गेलेत, कोणाच्या वास्तुशांतीला काय न्यायचं, कोणाशी दोन वर्षांपूर्वी काय बिनसलं आणि आता ते मिटवायला हवं, हे सगळं तिच्या डोक्यात. नवरा पेपर वाचत 'हं' म्हणायचा. त्यामुळे ती गेली की पुरुषाचा एक माणूस जात नाही, त्याची अख्खी वस्ती जाते. बायकांचं दुःख कमी असतं म्हणून विधवा सावरतात असं नाही. त्यांच्या हातात हे खातं आधीपासून असतं. तुम्हाला ते 72 व्या वर्षी शिकायचं आहे. वहिनींच्या फोनमधले किंवा डायरीतले नंबर असतील. त्यांची बहीण, मैत्रिणी, माहेरचे भाचे. या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाला फोन करा. कारण हवंच असेल तर वहिनी एखादी भाजी किंवा खतखतं कसं करायच्या ते विचारायला करा. स्वयंपाक शिकलेला माणूस तुम्ही, प्रश्न खराच असेल.

आता दुसरा एकटेपणा, मंडळीतलं नसण्याचा. तो मात्र हटवता येतो, आणि त्याची किल्ली तुमच्या पत्रातच आहे. ती तुम्ही एका ओळीत उरकलीत. "आता कोणी बोलावत नाहीत."

मास्तर, मुख्याध्यापकाला बोलावणं धाडायचं धाडस गावातल्या पंचविशीच्या पोरांना होईल का? नाटक मंडळीचा आजचा सेक्रेटरी बहुधा तुमचाच विद्यार्थी असणार. वहिनींच्या आजारपणात तुम्ही यायचे थांबलात, मग कोविडमध्ये उत्सवच आटोपते झाले, आणि त्यांच्या बाजूने या गोष्टीचं नाव 'सर आता येत नाहीत' असं पडलं. तुमच्या बाजूने तिचं नाव 'मला बोलावत नाहीत'. दोन्ही बाजू एकमेकांचा मान राखत घरी बसल्या आहेत. कॅसिओपो यांच्या गटाने एकटेपणा कमी करण्याचे तोवरचे प्रयोग एकत्र करून 2011 मध्ये एक आढावा प्रसिद्ध केला. लोकांना नुसतं एकत्र आणण्यापेक्षा, 'आपण कोणाला नको आहोत' हा जो समज एकटं पडलेल्या माणसाच्या मनात घर करतो तो तपासायला शिकवणं जास्त उपयोगी पडतं, असं त्यातून दिसलं. एकटेपणात माणूस दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ नेहमी स्वतःच्या विरुद्ध लावतो. तुमचा लावलेला अर्थ खरा आहे की नाही हे तपासायचा रस्ता सोपा आहे. तालमीला जाऊन बसायचं.

दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडे जत्रा आणि उत्सवांचे दिवस सुरू होतात. म्हणजे तालमी त्याआधीच लागतात. संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या वर्गात जिथे कुठे चालू असतील तिथे जा आणि पहिल्या दिवशी काही बोलू नका. नुसतं संहितेची एक प्रत मागा. पुढे काय होईल ते मी आत्ताच सांगते. आजची मुलं घरात कोंकणी बोलतात, शाळेत इंग्रजीतून शिकतात, आणि ऐतिहासिक नाटकातलं लांब मराठी वाक्य आलं की जोडाक्षराशी अडखळतात. तिसऱ्या वाक्याला तुमच्याने राहवणार नाही. त्या संध्याकाळनंतर तुम्ही गेला नाहीत तर त्यांनाच घरी यावं लागेल.

ज्येष्ठांच्या मेळाव्यात तुम्हाला जमलं नाही याचं कारणही यातच आहे. तिथे ओळीने खुर्च्या असतात, पाहुणे उशिरा येतात, शाल-श्रीफळ होतं, रक्तदाब मोजतात, चहा होतो, मंडळी घरी जातात. (काही संघ फार चांगलं काम करतात, त्यांनी हे मनाला लावून घेऊ नये.) तिथे तुम्ही प्रेक्षक होता. तुम्ही नसता तरी कार्यक्रम तसाच झाला असता. विंगेत हातात बाड घेऊन उभा असलेला माणूस प्रेक्षक नसतो. तो नसला तर दुसऱ्या अंकात राजा गप्प उभा राहतो. तुम्हाला नुसती सोबत नको आहे. कोणीतरी तुमची वाट पाहावी असं हवं आहे, आणि ते कामाशिवाय होत नाही. नाटक नाही जमलं तर दुसरं काही, भजनात झांज धरा, गावच्या वाचनालयाची यादी करून द्या. कसोटी एकच ठेवा: मी आज गेलो नाही तर कोणाचं काही अडेल का?

कानांबद्दल. टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना खटकला म्हणजे तो तुम्हाला कमी ऐकू येत होता. कान तपासलेत असं पत्रात कुठे नाही. ऐकायला कमी येऊ लागलं की माणूस आधी गर्दी टाळतो, मग पंगत, मग फोन, आणि लोक म्हणतात तो तुसडा झाला. 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली, त्यात कमी ऐकू येणं आणि माणसांपासून तुटणं ही दोन्ही आहेत. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात जा, नाहीतर फोंड्यातला डॉक्टर गाठा. यंत्र लागलं तर लावा. चष्मा लावताना लाजला नव्हता. आणि शेजाऱ्यांकडे जाऊन सांगा, "कान तपासून घेतले, आता आवाज कमी केला आहे." तुमच्या त्या भांडणात एवढं एकच वाक्य सांगायचं राहून गेलं आहे.

त्याच शेजाऱ्यांकडे घराची एक किल्ली द्या. हे मी प्रत्येक एकट्या राहणाऱ्या वाचकाला सांगते. न्हाणीघरात पाय घसरला तर साडेआठच्या फोनपर्यंत तुम्ही तिथेच पडून राहाल, आणि मुलगा फोन लागला नाही म्हणून आणखी तासभर वाट बघेल. करार असा करा: सकाळी सातपर्यंत पडवीचं दार उघडलं नाही तर त्यांनी हाक मारायची. त्यांच्या घरी कोणी म्हातारं असेल तर तुम्हीही तसंच करायचं. एकतर्फी ठेवलंत तर ते उपकार होतील आणि तुम्ही चार दिवसांत ते बंद कराल, तेवढं मी तुम्हाला पत्रावरून ओळखते.

पहाटे तीनची गोष्ट मात्र मी सदरात सोडवणार नाही. छातीवर काही ठेवल्यासारखं वाटतं हे आधी डॉक्टरांना सांगा. 72 व्या वर्षी त्याला 'मनाचं असेल' म्हणून सोडायचं नसतं, कार्डिओग्राम काढून घ्या. हृदय ठीक निघालं तर मग मनाकडे या. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, जेवण जात नसेल, जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर ते डॉक्टरांना तितक्याच स्पष्ट शब्दांत सांगायचं. झोपेचं गणित थोडं तुमच्याही हातात आहे. नऊला आडवं होऊन तीनला जाग आली तर सहा तास झोप झालेली असते, वर दुपारची वामकुक्षी आहेच. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, रात्री झोप आल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नका, सकाळी उठायची वेळ मात्र पक्की ठेवा.

हा माझ्या आजीच्या बटव्यातला उपाय नाही. गोव्यातच, इथल्या आरोग्य केंद्रांत, साठीच्या पुढच्या 181 लोकांवर एक प्रयोग झाला होता. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि 2019 मध्ये तो एका नामवंत अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नैराश्याची सुरुवातीची लक्षणं असलेले हे लोक. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांकडे साधं प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक जात. ते काय करत? अडचण नेमकी कोणती ते ठरवायला मदत, झोपेच्या वेळा सुधारणं, मधुमेह-रक्तदाबाची काळजी कशी घ्यायची ते समजावणं, सरकारी योजनांचे कागद करून देणं. वर्षभरात नेहमीच्या उपचारांच्या गटात 90 पैकी 13 जणांना पुरतं नैराश्य आलं, समुपदेशकांच्या गटात 91 पैकी चौघांना. औषधाचा कारखाना नाही, मोठं इस्पितळ नाही, दारात येणारं एक माणूस आणि ठरवून केलेली चार कामं. तेव्हा समुपदेशकाशी बोलणं म्हणजे वेड लागणं, असं फोंड्यात कोणी म्हणालं तर त्याला हा आकडा सांगा. फोनवरच बोलायचं असेल तर ज्येष्ठांसाठी 14567 हा क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 रात्रीसुद्धा. पहाटे तीनलाही तो लागतो.

आता मुलगा. तो वाईट नाही, घाबरलेला आहे. साडेआठला फोन करतो, 'जेवलात?' विचारतो, तुम्ही 'जेवलो' म्हणता, 'बरं आहे ना सगळं?', 'बरं आहे', संपलं. तुम्ही त्याला रोज खोटं सांगता आणि तो रोज ते ओळखतो. म्हणून तो घर विका म्हणतो. लांबून त्याला तेवढा एकच उपाय सुचतो. त्याला खरं सांगा. "मी आजारी नाही, पण मला करमत नाही," एवढं. आणि फोनची वेळ बदला. दोघं जेवायला बसाल तेव्हा फोन समोर उभा करून ठेवा आणि सारखं बोलायचा आग्रह धरू नका. भांड्यांचा आवाज, नातवाची कुरकुर, सुनेचं 'अजून भात वाढू?', हे ऐकत जेवणं 'जेवलात?'पेक्षा पुष्कळ बरं. मस्कतच्या मुलीला निराळा दिवस द्या. तिथे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे, त्यामुळे तुमचं जेवण आटोपतं तेव्हा तिची संध्याकाळ असते.

घर विकायचं नाही. निदान आत्ता नाही, आणि मुलाच्या भीतीपोटी तर नाहीच. शिवाय ते तुम्हाला एकट्याने विकताही येणार नाही. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. त्यातला वहिनींचा अर्धा भाग आता दोन्ही मुलांचा झाला आहे. वारसाचं काम वकिलाकडून आधी पुरं करून घ्यावं लागेल, आणि ते विकायचं नसलं तरी करून ठेवलेलं बरं. घरात खोल्या रिकाम्या असतील तर फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या कॉलेजांतला एखादा मुलगा ठेवायचा विचार करता येईल. भाडेकरू ठेवला की घर गेलं, ही आपल्याकडची भीती मला माहीत आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या 1975 च्या मुंडकार कायद्यापासूनचा इतिहासही तिला आहे. पण अकरा महिन्यांचा लेखी करार आणि पोलीस ठाण्यात माहिती, एवढं नीट केलं तर वाटते तेवढी जोखीम राहत नाही. नको वाटलं तर सोडून द्या, हा आग्रह नाही.

पुण्याला जाणं मी पूर्णपणे मोडीत काढत नाही. पुढे कधी गुडघे किंवा डोळे थकतील आणि जावंच लागेल. पण कायमचं जायच्या आधी राहून बघायला हवं. माझ्या मते त्याला योग्य वेळ पावसाळ्याची. आपल्याकडे जूनपासून संध्याकाळचं फिरणं बंद पडतं, वीज जाते, वाटा निसरड्या होतात, देवळात चार टाळकी असतात. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवून कडी लावून बसण्याचे ते दिवस एकट्या माणसाला सगळ्यात जड जातात. तेव्हा पुण्याला जा, दीड-दोन महिने राहा, आणि तिथे दुपारचे बारा ते पाच कसे जातात ते डोळे उघडे ठेवून बघा. सगळे सकाळी आठला बाहेर पडतात आणि रात्री आठला परततात अशा फ्लॅटमध्ये एकटेपणा इथल्यापेक्षा कमी असेलच असं नाही, आणि तिथे भोंगा वाजवत कोणी दाराशी येत नाही. उलट, नातवाशी तुमचं जमलं, सोसायटीत चार माणसं जोडली गेली, तर तेही कळेल. पण तिथे पाहुण्यासारखे बसू नका. गेल्याच्या दुसऱ्या दिवशी एक काम मागून घ्या. नातवाचं गणित, भाजी आणणं, काहीही. तुम्ही येता म्हणून सुनेने रजा काढली तर समजा गाडी चुकीच्या रुळावर लागली.

2011 च्या जनगणनेत साठीच्या पुढच्या लोकांचं प्रमाण देशात केरळनंतर गोव्यातच सर्वांत जास्त होतं, शंभरात अकरा. तुमच्या वाड्यावर साडेआठच्या फोनची वाट बघत बसलेले आणखी दोघं-तिघं नक्की असतील. त्यांना तुमच्या फाटकावर पिशवी दिसते आणि वाटतं, मास्तरांना कोणाची गरज नाही.

मुलाला काय उत्तर देऊ, असं विचारलंत. असं सांगा: घर विकत नाही. तालमी लागल्या की संध्याकाळी साडेआठला मी घरी नसेन, फोन जेवणाच्या वेळी कर. आषाढात तुमच्याकडे येतो. गणेश चवथीच्या आधी परत येईन, आणि तेव्हा तुम्ही सगळे चार दिवस आधी इकडे या. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं आणायची, ती बांधायची, एवढं सगळं माझ्या एकट्याच्याने होत नाही.